राग आळवणे, देवाला आळवणे

मराठीतले ‘आळवणे’ आणि उर्दूतले ‘अलापना’ या सख्ख्या बहिणी. दोघींचे मूळ संस्कृत ‘आलप्’. त्याचा जुना अर्थ बोलणे, कुणाशी तरी संवाद करणे. ‘वार्तालाप’ या शब्दात तो अजून शिल्लक आहे. रागाच्या संथ विस्ताराला आलाप म्हणू लागले ते पुढे.

उर्दूत राग, तान, सूर अलापतात. मराठीत राग आळवतात आणि देवालाही आळवतात. नागपूरच्या माझ्या वर्गात ‘त्याने देवाला आळवले’ याचे भाषांतर कुणी ‘उसने खुदा को अलापा’ असे केले की सगळा वर्ग हसतो. तिथे उर्दूला ‘पुकारना’ किंवा ‘इल्तिजा करना’ लागते. गाणे आणि विनवणी एकाच क्रियापदात ठेवली ती मराठीने.

हे आळवणे आपल्याला परके नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ मध्ये मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. पावणेचारशे वर्षांपूर्वी एका मुसलमानाने एकाच ईश्वराला याच भाषेत साद घातली आणि वारकऱ्यांनी त्यांना संतांमध्ये मानले.

रागाच्या बाजूनेही तसेच. मूळचे कैरान्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाले. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. एकेक स्वर सावकाश लावत राग उलगडणारी आलापी हा त्यांच्या किराणा घराण्याचा प्राण. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. भीमसेनजींनी त्याच गळ्याने अभंग घरोघरी पोहोचवले. राग आळवणे आणि देवाला आळवणे तिथे एक झाले. खाँसाहेबांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे; तिथल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणे होते.

पण या क्रियापदाचा तिसरा उपयोगही आहे, टोमण्याचा. उर्दूत ‘वही राग अलापना’, मराठीत ‘तोच राग आळवणे’. शिष्यवृत्ती मागा, शाळेला खोली मागा, बातमीत येते : ‘पुन्हा जुनाच राग आळवला’.

व्याकरणाच्या तासाला मी मुलांना असे वाक्य फळ्यावर लिहून देतो आणि विचारतो, ‘कुणाला आळवले?’ वाक्यात उत्तर सापडत नाही. ‘देवाला आळवले’ यात ऐकणारा आहे. टोमण्यात त्याला वगळले आहे, उरला नुसता राग. ऐकणारा वगळला की विनवणी हेका वाटू लागते आणि उत्तर देण्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

म्हणून पेपरात ते वाक्य दिसले की ‘कुणाला?’ असे जरूर विचारावे. उर्दू शाळेला शिक्षक द्या म्हणून दरवर्षी अर्ज करणारा बाप कुणाला तरी आळवत असतो. त्या कुणाचे नाव वाक्यात यायला हवे.