कोंबडी, खनिज तेल आणि पिकअप: अमेरिकेतील ‘मोठा की मध्यम’ या प्रश्नाचा इतिहास

१/ पुढे माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेला पिकअप ट्रक अमेरिकेत लाखो घरांसमोर उभा असतो. मुले मोठी होऊन घराबाहेर पडतात, बोट विकली जाते, गॅरेजचे दार ट्रकच्या मागे जेमतेम मिटते. अशा वेळी घरात एक प्रश्न निघतो: ‘फुल-साइज’ म्हणजे मोठा पिकअप देऊन ‘मिडसाइज’ म्हणजे मध्यम पिकअप घ्यावा काय? प्रश्न घरगुती वाटतो. त्याची मुळे मात्र कोंबडी, खनिज तेल आणि एका सरकारी सूत्रात आहेत. #धागा #इतिहास

२/ आरंभी हा प्रश्नच नव्हता, कारण पिकअप हे वाहनच लहान होते. शेतकरी आणि सुतार आपल्या फोर्ड मॉडेल टी मोटारीचा मागचा भाग काढून तेथे लाकडी पेटी बसवून घेत. ही गरज ओळखून फोर्डने १५ एप्रिल १९२५ रोजी कारखान्यातच हौदा बसवलेली मॉडेल टी बाजारात आणली. किंमत २८१ डॉलर, इंजिनाची ताकद सुमारे २० अश्वशक्ती. पहिल्याच वर्षी अशा तीस हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

३/ दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, फोर्डची ‘एफ’ मालिका आली. तिच्यातील सर्वांत हलका ट्रक ‘अर्ध्या टनाचा’ म्हणून ओळखला जाई, कारण त्याने साधारण तेवढे ओझे वाहावे अशी अपेक्षा होती. अमेरिकी अर्धा टन म्हणजे सुमारे ४५० किलो. आजच्या मोठ्या पिकअपलाही तिकडे ‘अर्ध्या टनाचा’च म्हणतात. वाहन वाढत गेले, नाव मात्र जुनेच राहिले. हा ४५० किलोंचा आकडा लक्षात ठेवावा; त्याची गरज पुढे पडणार आहे.

४/ १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी रस्त्यांवर परदेशी लहान वाहने दिसू लागली. पश्चिम जर्मनीच्या फोक्सवॅगनची व्हॅन आणि तिच्याच सांगाड्यावरचा पिकअप छोट्या व्यावसायिकांना परवडत असे. जपानी कंपन्याही याच काळात अमेरिकेत पाय रोवू पाहत होत्या. लहान पिकअपचा बाजार नैसर्गिकपणे वाढेल, अशी चिन्हे होती. तो वाढला नाही, याचे कारण वाहनउद्योगाबाहेर, कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये सापडते.

५/ युद्धोत्तर काळात अमेरिकेत कोंबड्यांचे उत्पादन कारखान्याच्या शिस्तीने होऊ लागले. मांस स्वस्त झाले आणि पश्चिम जर्मनीत त्याची निर्यात झपाट्याने वाढली. तेथील शेतकरी हवालदिल झाले. १९६२ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने समान कृषिधोरणाखाली कोंबडीवरील आयातशुल्क वाढवले आणि अमेरिकी निर्यात कोसळली. कुक्कुटपालनासाठी प्रसिद्ध असलेल्या आर्कान्सा राज्याचे सेनेटर विल्यम फुलब्राइट यांनी तर नाटोतील अण्वस्त्रांवरील चर्चेत हा विषय उपस्थित केला.

६/ वाटाघाटी निष्फळ ठरल्या. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये प्रत्युत्तराचा आदेश काढला. बटाट्याचे स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या चार वस्तूंवर जादा आयातशुल्क लागू झाले; ट्रकवर ते २५ टक्के होते. अंमल ७ जानेवारी १९६४ पासून. ट्रकची निवड करताना नेम फोक्सवॅगनवर होता. इतिहासात हे शुल्क ‘चिकन टॅक्स’ या नावाने प्रसिद्ध आहे.

७/ कोंबडीचा वाद कालांतराने विझला. इतर तीन वस्तूंवरील जादा शुल्कही उठले. ट्रकवरील शुल्क मात्र राहिले. पुढील कित्येक दशके परदेशातून येणाऱ्या मोटारीवर २.५ टक्के आणि पिकअपवर २५ टक्के, असा दहापट फरक कायम होता. अमेरिकी कंपन्यांना पिकअपच्या बाजारात असे संरक्षण मिळाले, की तेथे त्यांना बाहेरच्या स्पर्धकाची फारशी भीती उरली नाही. मोटारींच्या बाजारात हे सुख त्यांच्या वाट्याला कधीच आले नाही.

८/ भिंत उभी राहिली की फट शोधली जातेच. हौद्याविना, नुसती केबिन आणि सांगाडा अशा स्थितीत आलेल्या ट्रकवर केवळ ४ टक्के शुल्क पडे. मग ट्रक जपानमधून तसाच यायचा आणि हौदा अमेरिकेत बसवला जायचा. गंमत अशी, की या फटीतून अमेरिकी कंपन्याही आत शिरल्या. १९७२ मध्ये आलेला फोर्डचा कुरिअर प्रत्यक्षात माझदाने बांधलेला होता आणि शेव्हरोलेचा लव्ह इसुझूने.

९/ सुबारूची युक्ती याहून विनोदी होती. तिने ‘ब्रॅट’ नावाच्या छोट्या पिकअपच्या उघड्या हौद्यातच मागे तोंड करून बसण्याच्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या बसवल्या. खुर्च्या आहेत म्हणजे हे प्रवासी वाहन. म्हणून शुल्क मोटारीचे! पुढे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांच्या कॅलिफोर्नियातील रँचवरही एक ब्रॅट होती.

१०/ ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला भाव काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेला. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. १९७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने इंधनबचतीचा कायदा केला. १९८५ पर्यंत प्रत्येक कंपनीच्या मोटारींनी सरासरी गॅलनमागे २७.५ मैल, म्हणजे लिटरमागे सुमारे ११.७ किलोमीटर जावे, असे ठरले. हलक्या ट्रकसाठी मात्र निराळा आणि सौम्य निकष ठेवला गेला. शेतकरी आणि कारागीर यांची ही कामाची वाहने, असा त्यामागचा विचार होता.

११/ नियमाच्या रेषेपलीकडे पाऊल टाकण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही १९७५ चेच. मालासह कमाल वजन ६,००० पौंडांपर्यंत असलेल्या हलक्या ट्रकना नव्या प्रदूषणनियमांमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल अपरिहार्य झाले. फोर्डने या मर्यादेच्या किंचित वर बसणारा नवा ट्रक काढला. त्याचे नाव एफ-१५०. आज अमेरिकी पिकअपचे प्रतीक मानले जाणारे हे नाव एका वजनमर्यादेला वळसा घालताना जन्मले.

१२/ १९८० मध्ये हौद्याविना ट्रक आणण्याची फट सरकारने बुजवली. तेल महाग, आयात महाग. तेव्हा अमेरिकी कंपन्यांनी लहान ट्रक स्वतःच बांधायला घेतले. शेव्हरोलेचा एस-१० आणि फोर्डचा रेंजर त्यातून आले. निसानने टेनेसी राज्यातील स्मर्ना येथे कारखाना उभारला. जून १९८३ मध्ये तेथून बाहेर पडलेले पहिले वाहन पिकअपच होते. १९८७ च्या डॉज डकोटाने लहान आणि मोठा यांच्यामधली जागा पकडली. ‘मिडसाइज’ हा वर्ग येथून रूढ झाला.

१३/ पुढची दोन दशके पेट्रोल स्वस्त राहिले. पिकअप आता शेतातून शहराच्या उपनगरांत आला. चार दारे, मऊ आसने, मोठे इंजिन यांची मागणी वाढली आणि नफाही मोठ्या ट्रकवरच अधिक सुटे. १९९९ मध्ये रेंजरची अमेरिकेतील विक्री साडेतीन लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती सुमारे ७० हजारांवर आली. एफ मालिकेने मात्र २००४ मध्ये एका वर्षात नऊ लाखांचा आकडा ओलांडला.

१४/ जून २००८ मध्ये पेट्रोलने गॅलनमागे ४ डॉलरची पातळी ओलांडली. लहान ट्रकला पुन्हा दिवस यावेत अशी ही परिस्थिती होती. घडले उलटे. याच सुमारास इंधनबचतीचा निकष वाहनाच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळाशी जोडला गेला. क्षेत्रफळ मोठे तर अपेक्षा कमी, लहान तर अपेक्षा कडक. कंपन्यांनी नियमासाठी वाहने आकसू नयेत आणि सुरक्षितता कमी होऊ नये, हा हेतू होता. परंतु जुन्या घडणीच्या लहान पिकअपला कडक अपेक्षा पेलणे अवघड होते. वाहन थोडे वाढवणे कंपन्यांना अधिक सोयीचे ठरले.

१५/ १६ डिसेंबर २०११. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे फोर्डच्या कारखान्यातून शेवटचा रेंजर बाहेर पडला आणि कारखाना बंद झाला. १९२५ मध्ये, म्हणजे पहिला पिकअप विकला गेला त्याच वर्षी, येथे मॉडेल टी बांधायला सुरुवात झाली होती. त्याच २०११ मध्ये डकोटाही थांबला. पुढच्या वर्षी शेव्हरोलेचा पहिला कोलोरॅडो. टोयोटा टकोमा आणि निसान फ्रंटिअर असे मोजके ट्रक तेवढे टिकले. मोठा ट्रक सोडू पाहणाऱ्या ग्राहकापुढे काही वर्षे निवड म्हणावी अशी निवडच उरली नाही.

१६/ या पोकळीत शिरण्याचा एक प्रयत्न मुंबईतूनही झाला. महिंद्र कंपनीने स्कॉर्पिओच्या घडणीवरचा डिझेल पिकअप अमेरिकेत विकण्याचे ठरवले होते. २०१० मध्ये त्याला तेथील प्रदूषणविषयक मान्यता मिळाली. पुढे अमेरिकी वितरकाशी वाद होऊन प्रकरण कायदेशीर लढाईत अडकले आणि तो ट्रक तेथील शोरूममध्ये पोहोचलाच नाही. तो पूर्ण बांधून भारतातून गेला असता, तर त्यालाही १९६४ चेच २५ टक्के शुल्क भरावे लागले असते. जर्मनीतील कोंबडीचा हिशेब पन्नास वर्षांनी महाराष्ट्रातील कंपनीच्या खात्यावर असा मांडला जात होता.

१७/ २०१४ च्या अखेरीस नवा कोलोरॅडो आला. २०१९ मध्ये रेंजरही परतला. पण परतलेला रेंजर जुना नव्हता. १९८३ च्या आखूड हौद्याच्या रेंजरची लांबी सुमारे ४.४६ मीटर होती. २०१९ च्या रेंजरची ५.३५ मीटर. १९८० च्या दशकातील लांब हौद्याचा एफ-१५० साधारण तेवढाच लांब होता. चार दारांचा आजचा एफ-१५० सुमारे ५.९ मीटर आहे. म्हणजे आज ‘मध्यम’ ट्रकवर उतरणारे कुटुंब लांबीच्या हिशेबाने आपल्या वडिलांच्या ‘मोठ्या’ ट्रकवर परत जात असते.

१८/ मग निर्णय कशावर घ्यावा? अमेरिकी सुतार प्लायवूडच्या शीटने मोजतो. प्रमाणित शीट ४ बाय ८ फुटांची असते. मोठ्या पिकअपच्या हौद्यात चाकांच्या दोन उंचवट्यांमध्ये ४ फुटांहून अधिक जागा मिळते, म्हणून शीट सपाट बसते. बहुतेक मध्यम ट्रकमध्ये ही जागा ४ फुटांपेक्षा काही इंच कमी पडते. शीट उंचवट्यांवर टेकवावी लागते. घरबांधणीवर पोट असलेल्याला हे काही इंच रोज जाणवतात. वर्षातून दोनदा शीट आणणाऱ्याला नाही.

१९/ दुसरी मोजणी ओढण्याची. २०१९ चा रेंजर योग्य जोडणीसह सुमारे ३,४०० किलोंचा ट्रेलर ओढतो; त्याच काळातील एफ-१५० योग्य इंजिनासह ५ टनांहून अधिक. घोड्यांचा ट्रेलर किंवा मोठे फिरते घर ओढायचे असेल, तर मोठ्या ट्रकला पर्याय नाही. आता ४५० किलोंचा जुना आकडा आठवावा. चार चाकांना जोर असलेला आजचा मध्यम ट्रकही हौद्यात आणि केबिनमध्ये मिळून ७०० किलोंच्या आसपास भार वाहतो. आजोबांच्या ‘अर्ध्या टना’ची सगळी कामे त्याला सहज झेपतात.

२०/ तिसरी मोजणी पैशांची. आणि येथेच अनेकांचा अपेक्षाभंग होतो. चार चाकांना जोर असलेला २०१९ चा रेंजर सरासरी गॅलनमागे २२ मैल जातो. तशाच रचनेचा, लहान व्ही-६ इंजिनाचा एफ-१५० एखाद-दोन मैलच मागे राहतो. मोठ्या ट्रकवर कंपन्यांनी अधिक संशोधन केले, त्याचे हे फळ. केवळ इंधन वाचवण्यासाठी ट्रक बदलला, तर बदलाचा खर्च भरून निघायला बराच काळ लागतो. खरी बचत गॅरेज, वाहनतळ आणि अरुंद गल्ली येथे होते.

२१/ एक मोजणी शोरूममध्ये कोणी करत नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेसंबंधीच्या विमा संस्थेच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, ४० इंचांहून उंच बॉनेट असलेल्या वाहनाची धडक पादचाऱ्यासाठी प्राणघातक ठरण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या वाहनापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक असते. ट्रकचा आकार हा विकत घेणाऱ्याचा प्रश्न आहे. पण रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला त्यात मत नसते.

२२/ २०२१ मध्ये फोर्डने मॅव्हरिक हा आणखी लहान पिकअप आणला. पायाभूत आवृत्तीतच हायब्रिड इंजिन, आरंभीची किंमत २० हजार डॉलरच्या किंचित आत. मागणी इतकी आली, की पहिल्या आवृत्तीची नोंदणी जानेवारी २०२२ मध्ये थांबवावी लागली. तो बांधला जात होता मेक्सिकोत, जेथून उत्तर अमेरिकी व्यापारकरारामुळे ‘चिकन टॅक्स’ टळत असे. अमेरिकी ग्राहकाला लहान ट्रक नकोच असतो, हे वर्षानुवर्षे ऐकवले गेलेले विधान त्या नोंदणीपुढे टिकले नाही.

२३/ पिकअपच्या या शंभर वर्षांत ‘लोकांना हवे म्हणून ट्रक वाढले’ हे अर्धेच सत्य आढळते. उरलेले अर्धे शुल्काच्या तक्त्यात आणि नियमाच्या सूत्रात आहे. यांपैकी एकही नियम ट्रक मोठे करण्यासाठी लिहिला गेला नव्हता. एक कोंबडीसाठी होता, एक तेलासाठी, एक सुरक्षिततेसाठी. गॅरेजसमोर उभे राहून ‘मोठा की मध्यम’ असे विचारणाऱ्या कुटुंबाने वर्षातल्या सर्वांत अवजड दिवसाऐवजी नेहमीच्या दिवसाचे ओझे मोजावे. बाकीचे बरेचसे ओझे इतिहासाने चढवलेले आहे. #धागासमाप्त