पूर्ण वर्ग पद्धतीतील अपूर्णांक

वर्गसमीकरणातील चल असलेल्या पदांत योग्य ते तिसरे पद मिळवून पूर्ण वर्ग तयार करायचा आणि वर्गमूळ घेऊन मुळे काढायची, ही पूर्ण वर्ग पद्धती. (क्ष + म)² = क्ष² + २मक्ष + म² या विस्तारसूत्रावर ती उभी आहे; म्हणून क्ष² चा सहगुणक १ असताना तिसरे पद म्हणजे क्ष च्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग. अपूर्णांक दोन ठिकाणी शिरतात : क्ष² चा सहगुणक १ करण्यासाठी भागताना, आणि क्ष चा सहगुणक निम्मा करताना.

३क्ष² + ५क्ष − २ = ० हे समीकरण घेऊ. ३ ने भागून स्थिरपद उजवीकडे नेले की क्ष² + (५/३)क्ष = २/३. आता ५/३ चे निम्मे ५/६ : अंश तसाच, छेद दुप्पट. त्याचा वर्ग २५/३६. तो दोन्ही बाजूंत मिळवला की उजवीकडे २४/३६ + २५/३६ = ४९/३६. म्हणजे (क्ष + ५/६)² = ४९/३६, क्ष + ५/६ = ±७/६, आणि मुळे १/३ व −२.

चुका बहुधा वर्ग करतानाच होतात : छेदाचा वर्ग राहून जातो आणि २५/६ लिहिले जाते. पूर्णांकयुक्त रूपही इथे घातक. १ २/३ चा वर्ग १ ४/९ नव्हे, २५/९ आहे. दशांश रूप तर टाळावेच. ४९/३६ कडे पाहताच ७/६ दिसते, १.३६ मध्ये ते हरवते.

अपूर्णांक शेवटपर्यंत लांबवण्याची सुंदर युक्ती श्रीधराचार्यांची. त्यांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त हा नियम त्यांच्या नावानिशी दिला आहे. समीकरणाला क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचे आणि क्ष च्या मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवायचा. ३क्ष² + ५क्ष = २ ला १२ ने गुणून ३६क्ष² + ६०क्ष = २४; २५ मिळवून (६क्ष + ५)² = ४९; ६क्ष + ५ = ±७. भागाकार येतो तो थेट अखेरच्या पायरीला. गुणकातला ३ पहिल्या पदाला पूर्ण वर्ग करतो, ४ मुळे निम्मे करताना अपूर्णांक येत नाही. क्ष चा सहगुणक सम असेल तर ४ चीही गरज नाही, नुसत्या ३ ने गुणले तरी भागते. ब्रह्मगुप्ताच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त (इ.स. ६२८) चौपटीचा आणि बिनचौपटीचा, असे दोन्ही नियम आढळतात.

मुळे काढायची असतील तर श्रीधराचार्यांचीच वाट धरावी. मात्र ३क्ष² + ५क्ष − २ या राशीची किमान किंमत हवी असेल, तर अपूर्णांक चुकत नाहीत. समोर समीकरण नसल्याने भागता येत नाही, ३ फक्त कंसाबाहेर काढता येतो. कंसात मिळवलेले २५/३६ त्या ३ मुळे प्रत्यक्षात २५/१२ होतात आणि बाहेर तेवढेच वजा करावे लागतात : ३(क्ष + ५/६)² − ४९/१२. म्हणून क्ष = −५/६ असताना किमान किंमत −४९/१२.