फळ्याशेजारचा फोन

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशी संभाषण केले आणि भारतात मोबाइल फोनचे युग सुरू झाले. शाळेने मात्र या पाहुण्यास दीर्घकाळ वर्गाबाहेरच ठेवले.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रुजू झालेल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी त्याला आत घेतले. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली; पालकांचा फोन त्यावर धरला की कविता ऐकू येई, धडा दिसे. पुढे हे कोड राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही आले. २०२० मध्ये गुरुजींना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ लाभले. त्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली.

त्याच वर्षी टाळेबंदीत, नागपूरच्या आमच्या मनीषनगरातही, फोन हीच शाळा ठरली. जेथे घरात फोन एकच, तेथे कोणत्या भावंडाचा तास बुडवावा, हा पेच आईबापांपुढे उभा राहिला. जेथे तोही नव्हता, तेथे शाळाच मिटली.

परितेवाडीत फोन गुरुजींच्या सोबतीला होता; टाळेबंदीत तो त्यांच्या जागी बसला. हा भेद आपण विसरू नये. वर्गात फोन अवश्य यावा. मात्र तो प्रत्येक मुलाच्या हाती पोहोचावा, आणि फळ्यापाशी गुरुजी उभे असावेत.