मालवण सागरी अभयारण्य : राखण कोणाची?

मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे पाहिले, तर समोरचे बरेचसे पाणी अभयारण्यात मोडते. तसे सांगणारी एकही खूण मात्र पाण्यावर दिसत नाही. 13 एप्रिल 1987 रोजी जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम 29.12 चौरस किलोमीटर. त्यातला सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांच्या भोवतालचा 3.18 चौरस किलोमीटरचा पट्टा हा गाभा. प्रवाळ, समुद्री शेवाळ आणि बुडालेले खडक ही इथली संपत्ती. खडकांच्या आसऱ्याने मासे वाढतात आणि मोठे झाले की बाहेर पडतात. त्यामुळे हद्दीबाहेर काय चालते यावरही आतले मासे अवलंबून असतात.

मालवणात बेकायदा मासेमारी म्हटले की तीन नावे निघतात : परराज्यांतले, विशेषतः कर्नाटकातल्या मलपीकडचे हायस्पीड ट्रॉलर, पर्ससीन आणि एलईडी दिवे. ट्रॉलरचे जाळे तळ खरवडत जाते. पर्ससीनचे काम वेगळे. मोठ्या जाळ्याचा वेढा माशांच्या थव्याभोवती टाकतात आणि बटव्याची नाडी ओढावी तशी खालची दोरी ओढतात. बांगड्याचा किंवा तारलीचा अख्खा थवा एका ओढीत आत. हाच थवा किनाऱ्याजवळ आला असता, तर रापणीला मिळाला असता. रापण म्हणजे होडीतून समुद्रात सोडलेले लांब जाळे दोन्ही टोकांनी माणसांनी किनाऱ्यावर ओढायचे. एका रापणीवर अनेक घरे चालतात, म्हणूनच इथला पर्ससीनचा वाद इतका धुमसतो. एलईडीने त्यात भर घातली : रात्री जनरेटरवर प्रखर दिवे लावायचे, उजेडाला मासळी गोळा झाली की वेढा टाकायचा.

कायदे कमी नाहीत. राज्याच्या 12 सागरी मैलांच्या पट्ट्यासाठी 1981 चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीनला 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढीच मुदत ठेवली. 12 मैलांपलीकडे, देशाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात, केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली.

अडत होते ते शिक्षेपाशी. जुन्या तरतुदीत दंड पकडलेल्या मासळीच्या किमतीवर ठरे, फार तर पाचपट. म्हणजे जाळे टाकण्याआधीच नौका सापडली, तर मोठ्या ट्रॉलरला तो दंड म्हणजे डिझेलचा खर्च! शिवाय खटले तहसीलदारांपुढे चालत आणि महसुलाच्या ढिगाऱ्यात मागे पडत. 2021 च्या दुरुस्तीने निवाड्याचे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले आणि दंड लाखांच्या घरात गेला. ही सुधारणा खरी म्हणावी लागेल.

तरी नौका आधी सापडायला हवी. अभयारण्य वन्यजीव कायद्याखाली, म्हणून वनखात्याचे. मासेमारीचे नियम मत्स्यव्यवसाय विभागाचे आणि किनाऱ्याची सुरक्षा पोलिसांची. गस्तीनौका थोड्या, ट्रॉलर वेगवान, आणि रात्री दूरवर दिव्यांचा उजेड दिसला तरी तिथे पोहोचेपर्यंत दिवे विझलेले असू शकतात. जानेवारी 2025 पासून किनाऱ्यावर ड्रोनने पाहणी सुरू झाली. ड्रोनमुळे नौका ओळखता येते, पुरावा राहतो. ती थांबवायला मात्र माणूसच लागतो.

पाण्यावर रोज असणारा माणूस म्हणजे स्थानिक मच्छीमार. परकी नौका घुसल्याची खबर बहुधा तोच देतो. कधी पारंपरिक मच्छीमारांनीच अशा नौका घेरून बंदरात आणल्या आहेत, आणि त्यातून हाणामारीचे गुन्हेही त्यांच्यावरच दाखल झाले आहेत. अभयारण्याला सुरुवातीपासून विरोधही याच समाजातून झाला. यात विसंगती वाटते, पण नाही : आपल्याच पाण्यात होडी घालणे उद्या गुन्हा ठरेल, ही त्यांची भीती. सागरी हद्द अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्यासाठी पुरेशी उपाययोजना करावी, असे वन्यजीव कायद्याचे कलम 26-अ सांगते. हे कलम कायद्यात आले 1991 च्या दुरुस्तीने. मालवणची अधिसूचना त्याआधी चार वर्षांची.