बायोप्सी ‘क्लिअर’ आली, तरीही

जिवंत माणसाचं स्वरयंत्र पाहायची सोपी युक्ती वैद्यकाला एका गाण्याच्या मास्तरांनी दिली. लंडनमध्ये शिकवणाऱ्या मान्युएल गार्सिया यांनी १८५४ साली छोटा आरसा घशात धरून स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. गाठ दिसू लागली, पण ती कसली हे कसं ओळखायचं?

१८८७ मध्ये जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज बसला. जर्मन डॉक्टरांना कॅन्सरचा संशय होता, ऑपरेशनचीही तयारी झाली होती. इंग्लंडहून आलेले मॉरेल मॅकेन्झी म्हणाले, आधी तुकडा तपासा. रुडॉल्फ फिरखो यांना त्यात कॅन्सर सापडला नाही. ऑपरेशन थांबलं. नोव्हेंबरमध्ये निदान पक्कं झालं, तोवर उशीर झाला होता. मार्च १८८८ मध्ये फ्रेडरिक सम्राट झाला, तेव्हा त्याच्या गळ्यात श्वासाची नळी होती आणि तो चिठ्ठ्या लिहून बोलत होता. ९९ दिवसांत तो गेला.

मग फिरखो चुकले का? काही पॅथॉलॉजिस्टांच्या मते ही गाठ ‘व्हेरुकस कार्सिनोमा’ या दुर्मिळ प्रकारातली असावी. हा प्रकार चामखिळीसारखा दिसतो. वरच्या थरातल्या पेशी जवळजवळ साध्याच वाटतात. खरं रूप कळतं ते मुळाशी, जिथे गाठ आत ढकलत जाते. वरवरचा तुकडा घेतला तर रिपोर्ट खरा असूनही दिशाभूल करतो. या प्रकाराचं सविस्तर वर्णन अ‍ॅकरमन यांनी केलं ते १९४८ मध्ये!

हा इतिहास मी वाचला तो मामांमुळे. हडपसरच्या मंडईत त्यांचा भाजीचा गाळा. आवाज घोगरा झाला, तेव्हा घरचे म्हणाले, ओरडून ओरडून झालाय. पहिली बायोप्सी क्लिअर आली आणि आम्ही पेढे आणले. डॉक्टरीणबाई मात्र गप्प होत्या. “गाठीचं रूप आणि रिपोर्ट जुळत नाहीत. खोलातून पुन्हा घेऊ,” म्हणाल्या. मामी चिडल्या, मामा तयार झाले. दुसऱ्या तुकड्यात व्हेरुकस निघाला. लेझरने गाठ काढली, स्वरयंत्र वाचलं.

व्हेरुकस सहसा लांब पसरत नाही, म्हणून वेळेत पूर्ण काढला तर पुष्कळदा आवाज राहतो. कुर्च्यातून उगवणारा कॉन्ड्रोसार्कोमा वेगळा. त्यावर रेडिएशनचा फारसा भरवसा नसतो, त्यामुळे तिथेही आधी शस्त्रक्रियाच. गाठीचं नाव चुकलं तर उपचारही चुकतो.

मामांचा आवाज आता खरखरतो, पण मेथीचा भाव पलीकडच्या गल्लीत ऐकू जातो. तुमच्या घरात कुणाचा आवाज तीन आठवडे बसलेला असेल, तर आल्याचा चहा खुशाल द्या, पण कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडेही न्या.