कपाटात काय राहते, काय जाते : सार्वजनिक ग्रंथालयांच्या ग्रंथनिवडीची दोनशे वर्षे

१/
पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्या मध्ये जिते हे पेण तालुक्यातले लहानसे स्थानक लागते. अशा एखाद्या गावात उद्या वाचनालय काढायचे ठरले आणि ग्रामस्थांनी एक लोखंडी कपाट मिळवले, तर त्यात कोणती पुस्तके ठेवायची, हा प्रश्न लगेच उभा राहतो. ती कोणी निवडायची, हा प्रश्न त्याच्याही आधीचा.

२/
वरवर पाहता ही किरकोळ व्यवस्थेची बाब वाटते. परंतु महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ दोनशे वर्षे बदलत आले आहे. प्रत्येक बदलाबरोबर काही पुस्तके वाचकांपर्यंत पोहोचली आणि काही कायमची नाहीशी झाली. या धाग्यात त्या बदलांचा मागोवा घेऊ.

३/
आरंभ कोकणातूनच होतो. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. त्यानंतर अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०) येथे ग्रंथालये निघाली. १८६४ मध्ये कल्याण आणि चिपळूण यांची भर पडली. यांतील अनेकांचे मूळ नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असे होते. नावात ‘जनरल’ असले तरी दार सर्वांना उघडे नव्हते. आत यायचे तर वर्गणी भरावी लागे.

४/
म्हणून ग्रंथनिवडीचे पहिले उत्तर ठरले ‘वर्गणीदार’. ज्याच्या पैशावर संस्था चाले, त्याच्या आवडीची पुस्तके व वृत्तपत्रे येत. हे वर्गणीदार मुख्यतः सरकारी नोकर, वकील, शिक्षक आणि सावकार. इंग्रजी पुस्तकांना मान मोठा होता. मराठीत छापील पुस्तकेच मोजकी होती, हेही त्यामागचे एक कारण.

५/
मराठी छपाई वाढली तशी एक नवीच अडचण पुढे आली. वाचकांना कादंबऱ्या हव्या होत्या. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये निघाली आणि अद्भुतरम्य कथांची लाट आली. १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ प्रसिद्ध झाला, त्यात या वाङ्मयाची चिकित्सा होती. वाचकाला हवे ते द्यावे, की त्याच्या हिताचे असेल ते द्यावे? ग्रंथपालाच्या टेबलावरचा हा वाद तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही.

६/
दुसरे उत्तर १ जून १८९३ रोजी ठाण्यात मिळाले. विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मराठी ग्रंथसंग्रहालय’ स्थापन केले. संस्थेच्या नावातच तिचे ग्रंथनिवडीचे धोरण होते. येथे मराठी ग्रंथ जमवायचे आणि जतन करायचे. १८९८ मध्ये याच धर्तीवर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले.

७/
‘वाचनालय’ आणि ‘ग्रंथसंग्रहालय’ या दोन शब्दांत तत्त्वाचा फरक आहे. वाचनालय आजच्या वाचकाकडे पाहते. जे पुस्तक कोणी मागत नाही, ते तिथे ओझे ठरते. संग्रहालय उद्याच्या वाचकाकडे पाहते. आज कोणी मागत नसले तरी पुस्तक मराठी आहे, एवढे कारण तिथे पुरते. भावे हे ‘महाराष्ट्र सारस्वता’चे कर्ते होते. जुन्या पोथ्या आणि कवने कशी लयाला जातात, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

८/
या दूरदृष्टीचे फळ पुढच्या पिढीला मिळाले. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९३८ ते १९५० या काळाची सूची पुढे १९६१ मध्ये आली. कोणीही न मागितलेली पुस्तके कुणीतरी सांभाळली नसती, तर अशी सूची करणे अशक्यप्राय झाले असते. १८६७ पर्यंतच्या छापील ग्रंथांना मराठीत ‘दोलामुद्रिते’ म्हणतात, म्हणजे मुद्रणकला पाळण्यात असतानाची पुस्तके. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातील त्यांचा संग्रह आजही अभ्यासकांचा आधार आहे.

९/
तिसरा निवडकर्ता न बोलावता आला. तो म्हणजे सरकार. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यान्वये छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देणे बंधनकारक झाले. त्यामुळे काय छापले जाते आहे, यावर नजर ठेवता येऊ लागली. १९१० मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी आली. सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली, १९३४ मध्ये तिच्यावर बंदी आली आणि ती १९४७ पर्यंत टिकली.

१०/
बंदी म्हणजे उलट्या दिशेने केलेली ग्रंथनिवडच. कपाटात काय नसावे, हे कपाटाच्या मालकाला न विचारता ठरवले जाते. गंमत अशी, की जप्त केलेल्या अनेक पुस्तकांच्या प्रती लंडनच्या इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या गेल्या. इथल्या वाचकापासून हिरावलेले पुस्तक हिरावणाऱ्याच्या दफ्तरात टिकले.

११/
या सर्व काळात आणखी एक निवड मूकपणे चालू होती. ती पुस्तकांची नव्हती, वाचकांची होती. वर्गणी आणि जात यांनी बहुजन समाजाला ग्रंथालयाच्या उंबऱ्याबाहेर ठेवले. २० जुलै १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या जोडीने ग्रंथालये काढणे हेही होते. पुढे तीनच वर्षांनी महाडच्या तळ्यावर पाण्याच्या हक्काचा सत्याग्रह झाला. पाणी आणि पुस्तक हे दोन्ही सार्वजनिक असल्याचे नुसते म्हणून भागत नाही, हे तत्कालीन कुलाबा जिल्ह्याने, म्हणजे आजच्या रायगडने, जवळून पाहिले आहे.

१२/
खेड्यातल्या वाचकाचा विचार सर्वांत आधी केला तो बडोद्याच्या मराठी राजाने. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला आणले. खेडेगावी ग्रंथालयासाठी गाव जेवढी रक्कम जमवील, तेवढीच प्रांतपंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यायची, असा नियम ठेवला. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जात. गावाने पदरचे पैसे घातल्यामुळे ग्रंथालय ‘सरकारचे’ न राहता ‘आपले’ झाले.

१३/
मुंबई इलाख्यात हा विचार १९३९ मध्ये आला. सरकारने ग्रंथालय विकासासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष आसफ अली असगर फैजी हे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि त्यांचा जन्म माथेरानचा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातलाच. समितीने मध्यवर्ती, प्रादेशिक, जिल्हा, तालुका, पेटा आणि गाव अशी उतरंड सुचवली. महायुद्धामुळे योजना रखडली. तिची अंमलबजावणी सुरू झाली ती महायुद्ध संपल्यानंतर.

१४/
या उतरंडीमागचा विचार ग्रंथव्यवस्थापनाच्या दृष्टीने मोलाचा आहे. प्रत्येक गावात प्रत्येक पुस्तक असणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. गावच्या कपाटात नित्य लागणारी पुस्तके असावीत. क्वचित लागणारी तालुक्याला, दुर्मीळ असतील ती जिल्ह्याला वा प्रादेशिक ग्रंथालयात. अट एकच : वरचे पुस्तक खालच्या वाचकाला मागता आले पाहिजे. जित्यातला विद्यार्थी पेणला आणि पेणचा अभ्यासक अलिबागला हक्काने पोहोचला, तरच उतरंड जिवंत राहते. तसे झाले नाही, तर ती नुसती मांडणी उरते.

१५/
चौथे उत्तर कायद्याने दिले. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे त्यात ग्रंथालय उपकर नव्हता. त्याऐवजी सरकारने दरसाल किमान २५ लाख रुपयांचा ग्रंथालय निधी द्यावा, अशी तरतूद होती. ग्रंथालये लोकांच्या संस्थांकडेच राहिली. सरकारने मान्यता आणि अनुदान द्यायचे, असे ठरले.

१६/
१९७० च्या नियमांनी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके, उघडे राहण्याचा वेळ असे निकष लागले. खरेदीला दिशा मिळावी म्हणून निवड समितीमार्फत शासनमान्य ग्रंथांच्या याद्या निघू लागल्या. १९७२ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडूनही पुस्तके मिळू लागली. आज खेड्यापाड्यांत ग्रंथालय दिसते, त्याचे मोठे श्रेय या व्यवस्थेला द्यावेच लागेल.

१७/
मात्र याच व्यवस्थेत एक पेच दडलेला आहे. ज्या संस्थेचा दर्जा पुस्तकांच्या संख्येवर अवलंबून असतो, ती संस्था पुस्तक काढून टाकायला धजत नाही. फाटलेले क्रमिक पुस्तक, तीस वर्षांपूर्वीचे स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शक, कायदा बदलल्यावर निरुपयोगी झालेली टीका, ही सारी कपाट अडवून बसतात. पुस्तक दाखल नोंदवहीत एकदा चढले की ते संस्थेची मालमत्ता होते. ते वगळायचे तर ठराव हवा, यादी हवी, हिशेब तपासनिसाला उत्तर हवे. तुटपुंज्या मानधनावर काम करणारा ग्रंथपाल ही जबाबदारी कशाला अंगावर घेईल?

१८/
परिणामी आपल्याकडे पुस्तके ‘काढण्याचा’ निर्णय माणसे घेत नाहीत. तो वाळवी घेते, कसर घेते, पावसाळ्याची ओल घेते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचा पूर चिपळुणात शिरला आणि १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिराची मोठी हानी झाली. पुराला दुर्मीळ आणि दुय्यम यांतला फरक कळत नाही. तो फरक करून दुर्मीळ ते वरच्या मजल्यावर नेणे, त्याची प्रतिमा करून ठेवणे, दुसरी प्रत कुठे आहे याची नोंद ठेवणे ही माणसांची कामे. ती कामे आधीच झालेली असावी लागतात.

१९/
पुस्तक वगळण्याला ग्रंथालयशास्त्रात ‘निर्लेखन’ म्हणतात. शब्द रुक्ष असला तरी जोखीम मोठी आहे. निर्लेखन केलेच नाही तर कपाट मृत होते. आंधळेपणाने केले तर एखाद्या ग्रंथाची शेवटची प्रत रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. एखाद्या गावचा उत्सव, तिथले मिठागर, तिथला शेतकऱ्यांचा लढा यांवरची चाळीस पानी पुस्तिका कोणी वर्षानुवर्षे मागत नाही. परंतु ती दुसरीकडे कुठेही नसते. लोकप्रिय कादंबरीच्या पाच प्रती गेल्या तरी महाराष्ट्राचे काही जात नाही. ती पुस्तिका गेली तर त्या गावाची स्मृती जाते.

२०/
म्हणून लहान ग्रंथालयालाही दोन वेगळे नियम हवेत. सर्वत्र मिळणाऱ्या पुस्तकाला वाचनालयाचा नियम लावावा : वाचले जात असेल तर ठेवावे, नसेल तर निःसंकोच वगळून नवे घ्यावे. स्थानिक पुस्तकाला, स्मरणिकेला, हस्तलिखिताला संग्रहालयाचा नियम लावावा : ते कोणी मागो न मागो, जपावे. वगळण्यापूर्वी दात्यांच्या सूचीत आणि मोठ्या ग्रंथालयांत त्याचा शोध घ्यावा. वाचकाच्या मागण्यांची नोंदवही ठेवावी आणि खरेदीच्या बैठकीत ती सर्वांत आधी उघडावी.

२१/
पुस्तके खिळून राहू नयेत, यासाठी बडोद्याची पेटी अजूनही उपयोगी आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. त्यात शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि ठरावीक काळाने पेट्यांची अदलाबदल होते. सगळी पुस्तके विकत घेणे आणि कायमची सांभाळणे ज्या गावाला झेपत नाही, त्याला ती फिरवणे झेपते. मग गावाच्या स्वतःच्या कपाटात जागा उरते ती फक्त त्या गावाकडेच असू शकणाऱ्या कागदांसाठी.

२२/
आता पुन्हा जित्याच्या त्या कपाटाकडे येऊ. त्यात पहिले पुस्तक कोणते ठेवावे, याचे उत्तर प्रत्येक वाचक वेगळे देईल आणि ते योग्यच आहे. आपल्या गावच्या वा शहरातल्या ग्रंथालयात आपण पुढच्या वेळी जाल तेव्हा ग्रंथपालांना दोन गोष्टी अवश्य विचारा : गेल्या वर्षी येथे कोणती पुस्तके आली, आणि कोणती गेली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दाखल नोंदवहीत मिळेल. दुसऱ्याचे उत्तर ‘ठाऊक नाही’ असे आले, तर तिथे अजून वाळवीच ग्रंथनिवड करते आहे, असे समजावे.

धागा समाप्त. आपल्या परिसरातील जुन्या वाचनालयांच्या आठवणी आणि नोंदी खाली जरूर लिहाव्यात.