दिनविशेष : १४ एप्रिल – वारंग्यात विधी विद्यापीठाची इमारत

नागपूरजवळच्या वारंगा येथे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या शैक्षणिक इमारतीचे उद्घाटन २०२१ साली आजच्या दिवशी झाले. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि त्याच रात्रीपासून राज्यात कडक निर्बंध लागू होणार होते. उद्घाटक होते मूळचे नागपूरकर असलेले सरन्यायाधीश शरद बोबडे; त्यांच्या निवृत्तीला अवघे नऊ दिवस उरले होते. दिवस बाबासाहेबांच्या जयंतीचा. आज कोणत्या भाषेत बोलावे, असा प्रश्न सकाळीच पडल्याचे बोबडे यांनी भाषणात सांगितले. बोलायची भाषा आणि कामकाजाची भाषा यांतला संघर्ष जुनाच, असे ते म्हणाले.

राज्याने २०१४ मध्ये केलेल्या कायद्यातून मुंबई, नागपूर आणि औरंगाबादला अशी विद्यापीठे उभी राहिली. नागपूरचे २०१६ मध्ये सुरू झाले. वय कोवळे, पण न्यायाधीश घडवण्यासाठी बारावीनंतरचा पाच वर्षांचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम त्याने आखला. नाव होण्याचे खरे कारण हेच, इमारत नव्हे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला नागपूर परके नाही; इथल्या खटल्यांची उच्च न्यायालयातली अपिले नागपूर खंडपीठातच जातात. समृद्धी महामार्गामुळे मेहकर, सिंदखेडराजाहून नागपूर आता जवळ आले आहे. या विद्यापीठाच्या प्रवेशाची ‘क्लॅट’ परीक्षा मात्र फक्त इंग्रजीत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली हुशार मुले तिथेच अडतात. ही परीक्षा मराठीतूनही घेतलीच पाहिजे. आपल्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी लावून धरावी.